गेमिंग पीसीची जुळणी : कोणता भाग कशाच्या हिशेबाने?

घरी जुळवायच्या गेमिंग संगणकाचा हिशेब मॉनिटरपासून मांडावा लागतो. बाजारात चर्चा प्रोसेसरच्या पिढ्यांची आणि ग्राफिक्स कार्डांच्या क्रमांकांची चालते. पण यंत्राला एका सेकंदात किती काम उरकायचे आहे, हे पडद्यावर किती ठिपके आहेत आणि पडदा सेकंदाला किती वेळा नवे चित्र दाखवतो यावरून ठरते. १९२० × १०८० च्या पडद्यावर सुमारे २० लाख ७४ हजार ठिपके असतात. २५६० × १४४० च्या पडद्यावर ते ३६ लाख ८६ हजारांपर्यंत जातात, आणि ३८४० × २१६० च्या, म्हणजे फोर-के पडद्यावर जवळजवळ ८२ लाख ९४ हजार होतात. म्हणजे फोर-केचे काम साध्या फुल एचडीच्या बरोबर चौपट आहे. घरात आधीपासून फुल एचडी मॉनिटर असेल आणि तो बदलायचा नसेल, तर फोर-केसाठी बनवलेल्या कार्डावर खर्च केलेल्या पैशांतले बरेचसे पडद्यावर कधी दिसणारच नाहीत.

दुसरा आकडा हर्ट्झचा. ६० हर्ट्झच्या पडद्यासाठी प्रत्येक फ्रेम १६.७ मिलिसेकंदांत तयार व्हावी लागते. १४४ हर्ट्झला हा अवधी ६.९ मिलिसेकंदांवर येतो, तर २४० हर्ट्झला अवघ्या ४.२ मिलिसेकंदांवर. 'व्हॅलरंट' किंवा 'काउंटर-स्ट्राइक २' यांसारख्या स्पर्धात्मक खेळांत हा फरक हाताला जाणवतो, कारण शत्रू कोपऱ्यावरून पुढे आल्याचे चित्र काही मिलिसेकंद आधी दिसते. 'सायबरपंक २०७७'सारखा कथाप्रधान खेळ किंवा पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने २०२० मध्ये आणलेला 'राजी : अॅन एन्शंट एपिक' स्थिर ६० फ्रेमवरही पूर्ण आनंद देतो. म्हणून कोणते खेळ खेळायचे, किती ठिपक्यांवर आणि किती फ्रेमवर, या तीन प्रश्नांची उत्तरे कागदावर लिहिल्याशिवाय भागांच्या किमती विचारण्यात अर्थ नाही. नवा मॉनिटर घ्यायचा असेल तर फ्रीसिंक किंवा जी-सिंकची सोय पाहावी. फ्रेमचा वेग कमी-जास्त झाला तरी पडदा त्या वेगाशी जुळवून घेतो आणि चित्र मधूनच फाटल्यासारखे दिसत नाही. मध्यम ताकदीच्या यंत्राला या सोयीचा सर्वाधिक फायदा होतो.

वेगवेगळ्या कंपन्यांचे भाग एकमेकांत बसतात यामागे इतिहास आहे. आयबीएमने १९८१ मध्ये आणलेल्या पीसीची रचना खुली ठेवली होती, त्यामुळे इतरांना त्याला जोडणारे भाग बनवता आले. पुढे १९९५ मध्ये इंटेलने एटीएक्स हे मानक आणले. मदरबोर्डाचा आकार, त्याच्या स्क्रूंच्या जागा आणि वीजपुरवठ्याच्या जोडण्या त्यात ठरल्या. आजचा कॅबिनेट आणि आजचा मदरबोर्ड याच मानकाच्या वारशावर चालतात. मात्र भाग एकमेकांत बसणे वेगळे आणि एकमेकांना साजेसे असणे वेगळे. निवडीतली खरी मेहनत या दुसऱ्या गोष्टीसाठी असते.

प्रत्येक फ्रेमचे काम प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड यांच्यात वाटलेले असते. कोण कुठे उभा आहे, गोळी कुणाला लागली, कोणती भिंत कोसळली हे प्रोसेसर ठरवतो आणि काय काय रेखाटायचे याची यादी कार्डाकडे सोपवतो. मग कार्ड लाखो ठिपक्यांचे रंग काढते. पोळ्या लाटणारा हात मागे पडला तर तवा नुसताच तापत राहतो, आणि तवा लहान असला तर लाटलेल्या पोळ्या ताटात साचतात. या दोघांतले नातेही तसेच आहे. पडद्यावर ठिपके जितके जास्त, तितका भार कार्डावर जातो. फ्रेमचा वेग जितका जास्त हवा, तितका भार प्रोसेसरवर येतो. कोणता भाग मागे पडतो आहे हे ओळखायची सोपी चाचणी आहे. खेळाच्या सेटिंगमध्ये रिझोल्यूशन कमी करून पाहावे. फ्रेम वाढल्या तर कार्ड कमी पडत होते, आणि तेवढ्याच राहिल्या तर प्रोसेसर.

बहुतेक खेळांत आणि बहुतेक पडद्यांवर कार्डच आधी दमते. त्यामुळे मॉनिटर सोडून उरलेल्या रकमेचा सर्वांत मोठा वाटा, साधारण ३५ ते ४५ टक्के, ग्राफिक्स कार्डाला देणे योग्य ठरते. कार्डातली मुख्य चिप एनव्हिडिया, एएमडी किंवा इंटेल यांची असते. एसुस, एमएसआय, गिगाबाइट, सफायर यांसारख्या कंपन्या त्या चिपभोवती आपापले सर्किट, पंखे आणि धातूच्या पट्ट्या बसवून कार्ड विकतात. एकाच चिपच्या स्वस्त आणि महाग कार्डांत खेळाच्या वेगाचा फरक फार थोडा असतो. जास्तीचे पैसे जातात ते कमी आवाज, कमी तापमान आणि झगमगाट यांसाठी. तेवढ्या पैशांत वरच्या दर्जाची चिप मिळत असेल तर ती घेणे केव्हाही चांगले.

कार्डाच्या नावाइतकेच लक्ष त्याच्या स्मृतीकडे, म्हणजे व्हीरॅमकडे द्यायला हवे. खेळातल्या भिंती, कपडे, चेहरे यांचे पोत या स्मृतीत ठेवलेले असतात. ती पुरली नाही तर कार्ड तीच माहिती संगणकाच्या मुख्य रॅममधून पुन:पुन्हा ओढू लागते. तो मार्ग कितीतरी संथ असल्याने सरासरी फ्रेम बऱ्या दिसूनही खेळ मधूनमधून अडखळतो. २०२५ मध्ये आलेली आरटीएक्स ५०६० टीआय आणि आरएक्स ९०६० एक्सटी ही दोन्ही कार्डे ८ जीबी आणि १६ जीबी अशा दोन रूपांत विकली जातात, नाव मात्र तेच राहते. अनेक नवे खेळ उंच सेटिंगवर ८ जीबीच्या पलीकडे जातात. तीन-चार वर्षे टिकवायच्या यंत्रात १६ जीबीसाठी मोजलेले जास्तीचे पैसे या सबंध यादीतल्या सर्वांत शहाण्या खर्चांपैकी आहेत. फक्त 'व्हॅलरंट'सारखे हलके खेळ खेळणाऱ्याला ८ जीबी भरपूर होतात, हेही तितकेच खरे.

कार्ड मदरबोर्डाशी किती वाटांनी जोडले जाते, ही बारीक अक्षरांतली गोष्टही तपासावी. पीसीआय एक्स्प्रेसच्या मोठ्या खाचेत १६ वाटा असतात, पण आरटीएक्स ४०६० त्यांतल्या आठच वापरते. जानेवारी २०२२ मध्ये आलेले आरएक्स ६५०० एक्सटी तर चारच वाटा वापरते आणि त्यावर स्मृतीही फक्त ४ जीबी. पीसीआय एक्स्प्रेसची चौथी आवृत्ती असलेल्या बोर्डावर ते ठीक चालते. तिसऱ्या आवृत्तीच्या जुन्या बोर्डावर प्रत्येक वाटेचा वेग निम्मा होतो आणि कार्डाची चाल लक्षात येण्याइतकी मंदावते. जुन्या यंत्रात नवे स्वस्त कार्ड बसवणाऱ्यांची फसगत नेमकी इथे होते.

अलीकडच्या कार्डांची ताकद केवळ रेखाटण्यात राहिलेली नाही. एनव्हिडियाचे डीएलएसएस, एएमडीचे एफएसआर आणि इंटेलचे एक्सईएसएस ही तंत्रे लहान आकारात चित्र काढून ते मोठे करतात. डीएलएसएसच्या 'क्वालिटी' पर्यायात फोर-के पडद्यासाठी चित्र प्रत्यक्षात २५६० × १४४० वर काढले जाते. तिथे माहिती भरपूर असल्याने निकाल सुरेख येतो. फुल एचडी पडद्यावर मात्र मूळ चित्र १२८० × ७२० चे असते आणि बारीक तपशील विरघळतात. याच तंत्रांबरोबर येणारी फ्रेम जनरेशनची सोय दोन खऱ्या फ्रेमच्या मध्ये कृत्रिम फ्रेम घालते. पडद्यावरचा आकडा त्यामुळे फुगतो, पण माउसच्या हालचालीला मिळणारा प्रतिसाद त्या प्रमाणात सुधारत नाही, उलट थोडा मागे पडतो. आधीच ६० च्या आसपास असलेला वेग आणखी तलम करण्यासाठी ती चांगली आहे. २५ वर रखडणारा खेळ ती वाचवू शकत नाही. म्हणून जाहिरातीतल्या तुलना वाचताना ही सोय चालू ठेवून मोजले आहे की बंद ठेवून, हे आधी पाहावे. प्रकाशकिरणांचा मार्ग मोजून चित्र काढणाऱ्या रे ट्रेसिंगबद्दल काही वर्षांपूर्वी 'असले तर असले' अशी भूमिका चालत असे. आता डिसेंबर २०२४ मधला 'इंडियाना जोन्स अँड द ग्रेट सर्कल' आणि २०२५ मधला 'डूम : द डार्क एजेस' हे खेळ रे ट्रेसिंगचे हार्डवेअर नसलेल्या कार्डावर सुरूच होत नाहीत. त्यामुळे सेकंडहँड बाजारात स्वस्तात मिळणाऱ्या, हे हार्डवेअर नसलेल्या जीटीएक्स मालिकेच्या कार्डांचा विचार जुन्या आणि हलक्या खेळांपुरताच करावा.

प्रोसेसर निवडताना गाभ्यांची, म्हणजे कोअरची, संख्या आणि गिगाहर्ट्झ या दोन आकड्यांनी ग्राहक सर्वाधिक भुलतो. खेळांना सहा ते आठ चांगले कोअर बहुधा पुरतात, बारा-सोळा कोअरचा लाभ व्हिडिओ संपादनासारख्या कामांना होतो. गिगाहर्ट्झबद्दल रायझन ७ ५८००एक्स३डी हे उदाहरण बोलके आहे. एप्रिल २०२२ मध्ये आलेल्या या प्रोसेसरचा कमाल वेग ४.५ गिगाहर्ट्झ, म्हणजे त्याच्याच भावंडापेक्षा, ५८००एक्सच्या ४.७ पेक्षा, कमी होता. तरीही खेळांत तो बहुतेक ठिकाणी पुढे राहिला. कारण एएमडीने मूळ चिपवर ६४ एमबी स्मृतीचा एक थर चढवला होता आणि त्याची एल-३ कॅश ३२ वरून ९६ एमबी झाली होती. खेळात प्रोसेसरला असंख्य वस्तूंची माहिती वारंवार लागते. ती कॅशमध्ये सापडली तर रॅमपर्यंत जाऊन वाट पाहावी लागत नाही. शहरे वसवण्याचे, विमान उडवण्याचे आणि हजारो सैनिकांच्या लढायांचे खेळ या रचनेचा सर्वाधिक फायदा घेतात. पुढच्या पिढीतला रायझन ७ ७८००एक्स३डी याच वाटेने गेला आणि खेळताना त्याची विजेची भूकही बहुधा १०० वॅटच्या आत राहते.

नावामागची अक्षरे वाचता येणे उपयोगाचे आहे. इंटेलच्या नावात 'एफ' असेल तर प्रोसेसरमध्ये चित्र दाखवण्याची सोय नाही, आणि 'के' असेल तर त्याचा वेग वाढवण्याची मुभा आहे. एएमडीच्या रायझन ५००० पर्यंतच्या प्रोसेसरांत 'जी' अक्षर नसल्यास ग्राफिक्स नसते. रायझन ७००० पासून बहुतेक प्रोसेसरांत जुजबी ग्राफिक्स आले. ही जुजबी सोय कमी लेखू नये. कार्ड बिघडून दुरुस्तीला गेले तरी संगणक चालू राहतो, आणि दोष कार्डात आहे की दुसरीकडे हेही घरच्या घरी कळते. इंटेलच्या तेराव्या आणि चौदाव्या पिढीचे सेकंडहँड प्रोसेसर घेताना एक काळजी हवी. या पिढ्यांतल्या वरच्या दर्जाच्या प्रोसेसरांना जास्त व्होल्टेजमुळे हळूहळू इजा होत असल्याचे २०२४ मध्ये पुढे आले. इंटेलने मायक्रोकोडची दुरुस्ती दिली आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. दुरुस्ती पुढची इजा टाळते, पण आधी झालेली भरून काढत नाही. असा प्रोसेसर बिल आणि शिल्लक वॉरंटी असेल तरच घ्यावा.

प्रोसेसर ठरला की मदरबोर्डाचे सॉकेट आपोआप ठरते. इथे आजच्या किमतीइतकाच पुढचा विचार महत्त्वाचा आहे. एएम४ सॉकेटवर २०१७ मध्ये पहिला रायझन घेणाऱ्या अनेकांना पाच वर्षांनी त्याच बोर्डाचे बायोस अद्ययावत करून ५८००एक्स३डी बसवता आला, बोर्डही तेच आणि रॅमही तीच. इंटेलच्या एलजीए १७०० वर बारावी, तेरावी आणि चौदावी अशा तीन पिढ्या चालल्या आणि २०२४ मध्ये एलजीए १८५१ आले. २०२२ मध्ये सुरू झालेले एएम५ किमान २०२७ पर्यंत चालू ठेवण्याचे एएमडीने जाहीर केले आहे. दोन-तीन वर्षांनी फक्त प्रोसेसर बदलायचा मनसुबा असणाऱ्याने हे गणित मांडावेच.

बोर्डावर लागतात त्याहून जास्त पैसे घालण्याची चूक सर्रास होते. एएमडीच्या बी६५० किंवा बी८५० आणि इंटेलच्या बी७६० या मधल्या चिपसेटचे बोर्ड बहुतेकांना पुरतात. पाहायचे ते प्रोसेसरला वीज पोचवणारे सर्किट आणि त्यावर बसवलेल्या धातूच्या पट्ट्या, एम.२ खाचांची संख्या, रॅमच्या खाचा दोन की चार, मागच्या यूएसबी जोडण्या आणि वायफाय. बोर्ड दुकानात पडून जुना झाला असेल तर नव्या प्रोसेसरला तो ओळखणार नाही. अशा वेळी प्रोसेसर न बसवता पेनड्राइव्हवरून बायोस बदलण्याची सोय, जिला बहुतेक कंपन्या फ्लॅशबॅक म्हणतात, मोठा मनस्ताप वाचवते. आकारांपैकी एटीएक्स ३०५ × २४४ मिलिमीटरचा, मायक्रो-एटीएक्स २४४ मिलिमीटर चौरस आणि मिनी-आयटीएक्स १७० मिलिमीटर चौरस असतो. एकच कार्ड लावायचे असेल तर मायक्रो-एटीएक्समध्ये काहीही गमावले जात नाही.

रॅमच्या बाबतीत जोडी घ्यावी. ३२ जीबीची एक पट्टी घेण्यापेक्षा १६ जीबीच्या दोन घेतल्यास प्रोसेसरला दोन वाटांनी माहिती मिळते. डीडीआर४-३२०० ची एक पट्टी सेकंदाला २५.६ जीबी माहिती वाहू शकते, दोन पट्ट्या ५१.२ जीबी. फुल एचडीवर वेगवान फ्रेम हव्या असताना हा फरक स्पष्ट दिसतो. डीडीआर४ आणि डीडीआर५ च्या खाचा वेगळ्या असल्याने एकीची पट्टी दुसरीत बसत नाही. एएम५ वर फक्त डीडीआर५ चालते, तर एलजीए १७०० वर बोर्डागणिक वेगळी. रायझन ७००० आणि ९००० साठी डीडीआर५-६००० हा वेग सोयीचा आहे, त्यापुढचा खर्च फारसा फळत नाही. १६ जीबी आज कामचलाऊ, ३२ जीबी निर्धास्त. २०२५ च्या उत्तरार्धापासून कृत्रिम बुद्धिमत्तेच्या डेटा सेंटरांनी स्मृतीच्या चिप मोठ्या प्रमाणावर उचलायला सुरुवात केली आणि रॅमचे भाव झपाट्याने चढले. भाव चढे असताना १६ जीबीच्या एका पट्टीवर सुरुवात करून दुसरी मागाहून घालण्याचा मोह होतो. त्यापेक्षा ८ जीबीची जोडी खेळांना अधिक मानवते.

साठवणीसाठी हार्ड डिस्क आता फक्त फोटो-चित्रपटांपुरती राहिली. साटा एसएसडी सेकंदाला सुमारे ५५० एमबी वाचते, पीसीआय एक्स्प्रेस ३ ची एनव्हीएमई सुमारे ३५०० आणि चौथ्या आवृत्तीची ७००० पर्यंत. हार्ड डिस्ककडून एसएसडीकडे येताना खेळ उघडण्याचा वेळ नाट्यमय घटतो. साध्या एनव्हीएमईकडून महागड्या एनव्हीएमईकडे जाताना तो काही क्षणांनीच घटतो. म्हणून वेगाचा हव्यास सोडून जागा वाढवावी. मोठे खेळ एकेकटे १०० जीबीच्या पुढे जातात, तेव्हा १ टीबी ही आता सुरुवातीची पायरी आहे.

सर्वांत जास्त दुर्लक्ष होते ते वीजपुरवठ्याच्या खोक्याकडे, ज्याला आपल्याकडे सर्रास एसएमपीएस म्हणतात. खेळाच्या वेगात त्याचा वाटा शून्य असल्याने काटकसरीची कुऱ्हाड पहिली त्याच्यावर पडते. पण बिघडताना आपल्याबरोबर मदरबोर्ड, कार्ड आणि डिस्क घेऊन जाण्याची शक्यता असलेला हाच भाग आहे. कॅबिनेटबरोबर फुकट मिळणाऱ्या खोक्यावर ४५० वॅट लिहिलेले असते. बाजूच्या लेबलवर १२ व्होल्टच्या रांगेतला अँपिअरचा आकडा पाहिला की खरे काय ते कळते. प्रोसेसर आणि कार्ड जवळजवळ सगळी वीज या रांगेतूनच घेतात. तिथे १८ अँपिअर लिहिले असेल तर १२ गुणिले १८, म्हणजे २१६ वॅटच खऱ्या कामाचे. चांगल्या ६५० वॅटच्या पुरवठ्यात हा आकडा ५४ अँपिअरच्या आसपास असतो. '८० प्लस'चे ब्राँझ, गोल्ड हे शिक्के किती वीज वाया जाते एवढेच सांगतात. अतिभार, शॉर्टसर्किट आणि अतिउष्णतेपासून संरक्षण आहे का, याचा त्या शिक्क्याशी संबंध नाही. त्यासाठी कंपनीने दिलेली वॉरंटी किती वर्षांची आणि खोलात जाऊन केलेल्या चाचण्या काय सांगतात हे पाहावे लागते.

किती वॅट घ्यायचे याचा हिशेब सरळ आहे. आरटीएक्स ५०७० ची मर्यादा २५० वॅट, रायझन ५ ७६०० ची कमाल ८८ वॅट, बोर्ड, रॅम, डिस्क आणि पंखे मिळून ५०-६० वॅट, म्हणजे एकूण ४०० वॅटच्या आत. तरीही अशा यंत्राला ६५० वॅट सुचवले जातात, आणि ते रास्त आहे. आधुनिक कार्डे काही क्षणांसाठी आपल्या मर्यादेच्या बरीच वर झेप घेतात. जुन्या घडणीचा पुरवठा तो धक्का अतिभार समजून बंद पडतो आणि खेळ ऐन रंगात असताना संगणक विझतो. २०२२ च्या एटीएक्स ३.० मानकाने पुरवठ्याला क्षणमात्र दुप्पट भार सोसण्याची अट घातली, म्हणून नवी खरेदी करताना ३.० किंवा ३.१ लिहिलेले पाहून घ्यावे. बोर्डाची खाच कार्डाला ७५ वॅट देते, आठ पिनांची केबल १५० वॅट. त्याहून मोठ्या कार्डांसाठी १६ पिनांची नवी जोडणी आली. २०२२ च्या अखेरीस आरटीएक्स ४०९० वर ती वितळल्याच्या घटना घडल्या, त्यानंतर तिची रचना सुधारण्यात आली. ती शेवटपर्यंत, कट आवाज येईपर्यंत दाबणे आणि तोंडाशीच केबल न वाकवणे ही काळजी आजही घ्यावी लागते. एका कंपनीच्या सुट्या केबल दुसऱ्या कंपनीच्या पुरवठ्याला कधीही लावू नयेत. टोके सारखी दिसली तरी आतल्या तारांचा क्रम वेगळा असू शकतो, आणि चुकीच्या क्रमाने डिस्क जळतात.

तापमानाचा विचार महाराष्ट्रात परदेशी शिफारशी उचलून करता येत नाही. हवेने थंड होणारा कोणताही भाग खोलीपेक्षा थंड होऊ शकत नाही. कूलर प्रोसेसरला खोलीपेक्षा ४५ अंश वर राखत असेल, तर २५ अंशांच्या खोलीत तो ७० वर राहील, आणि विदर्भातल्या मे महिन्यात, पंख्याखालची खोलीही ४० वर असताना, ८५ वर. रायझन ७००० चे बहुतेक प्रोसेसर ९५ अंशांवर आपला वेग आपणच कमी करू लागतात. म्हणून नागपूर-चंद्रपूरकडे जुळणी करताना एक दर्जा वरचा कूलर घेणे ही चैन ठरत नाही. त्यासाठी पाण्याचाच कूलर हवा असे मात्र नाही. सहा-आठ कोअरच्या प्रोसेसरला १२० मिलिमीटर पंख्याचा उभा एअर कूलर पुरतो, त्यात पंप नसतो आणि गळतीही नसते.

कॅबिनेट निवडताना पुढच्या बाजूला जाळी असावी. सबंध काचेचा दर्शनी भाग दिसायला देखणा असला तरी पंख्यांना हवा ओढायला जागा उरत नाही. समोरून हवा आत, मागून आणि वरून बाहेर, अशी रचना ठेवावी आणि आत येणारी हवा थोडी जास्त असू द्यावी. मग फटींतून धूळ शिरत नाही, ती गाळणीवर अडते आणि गाळणी महिन्याकाठी धुता येते. कार्डाची लांबी आणि कूलरची उंची कॅबिनेटच्या मापांशी ताडून पाहायला हवी, कारण बरीच कार्डे ३०० मिलिमीटरपेक्षा लांब असतात.

घरातली वीज हाही या यंत्राचा भाग मानावा. सॉकेटला अर्थिंग नसेल तर कॅबिनेटला हात लावताच झिणझिण्या येतात आणि पुरवठ्यातले संरक्षणही अपुरे पडते. आधी इलेक्ट्रिशियनकडून ते तपासून घ्यावे. भारनियमन किंवा झटक्यासरशी वीज जाण्याचा त्रास असेल तिथे यूपीएस हवा, पण दुकानात सर्रास मिळणारा ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॅटच देतो. ४०० वॅट ओढणारा संगणक आणि मॉनिटर त्यावर खेळ चालू असताना तग धरणार नाहीत. १००० व्हीए किंवा अधिक क्षमतेचा, आणि शक्यतो शुद्ध साइन वेव्हचा यूपीएस घ्यावा, कारण आजच्या काही चांगल्या पुरवठ्यांना ओबडधोबड लहरींची वीज मानवत नाही. ४०० वॅटचे यंत्र चार तास चालले की १.६ युनिट वीज जळते, आणि ती सगळी उष्णतेच्या रूपाने त्याच खोलीत उतरते.

खरेदीसाठी मुंबईत ग्रँट रोड स्थानकाजवळचा लॅमिंग्टन रोड, म्हणजे डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, आणि पुण्यात बुधवार पेठेतली तपकीर गल्ली ही जुनी ठिकाणे आहेत. ऑनलाइन दुकानांशी भाव ताडून घ्यावा आणि १८ टक्के जीएसटीसह, सीरियल क्रमांक लिहिलेले पक्के बिल घ्यावे. बिलाशिवाय मिळणारी सवलत वॉरंटीच्या वेळी महागात पडते. प्रत्येक भागाची वॉरंटी भारतात कोण पाळते, अधिकृत आयातदार की दुकानदार स्वत:, हेही आधीच विचारावे. सेकंडहँड कार्ड घ्यायचे तर ते डोळ्यांदेखत अर्धा तास जड खेळावर चालवून पाहावे. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियम हे आभासी चलन ग्राफिक्स कार्डांवरच्या खाणकामातून बाहेर पडले, तेव्हा त्या कामात जुंपलेली असंख्य कार्डे बाजारात आली. ती सगळी निकामी असतात असे नाही, पण त्यांचे पंखे आणि स्मृतीवरचे उष्णतावाहक पॅड झिजलेले असण्याचा संभव धरून भाव ठरवावा.

जुळणी झाल्यावर काही गोष्टी मुद्दाम कराव्या लागतात, नाहीतर योग्य भाग घेऊनही यंत्र अर्ध्या ताकदीने चालते. चार खाचांच्या बोर्डावर रॅमची जोडी बहुधा प्रोसेसरपासून दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत बसते, बोर्डाच्या पुस्तिकेत ते लिहिलेले असते. नवी रॅम पहिल्यांदा सावध, कमी वेगानेच चालते. बायोसमध्ये जाऊन इंटेलच्या बोर्डावर एक्सएमपी आणि एएमडीच्या बोर्डावर एक्स्पो हा पर्याय चालू केल्यावरच खोक्यावरचा वेग मिळतो. मॉनिटरची केबल ग्राफिक्स कार्डाला लावावी, बोर्डाला लावल्यास कार्ड बाजूला पडून प्रोसेसरचे जुजबी ग्राफिक्स चालते. विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये पडद्याचे हर्ट्झ हाताने वाढवावे लागतात. १४४ हर्ट्झचा मॉनिटर महिनोन्महिने ६० वर चालवणारी घरे कमी नाहीत. 'व्हॅलरंट'ला विंडोज ११ वर टीपीएम २.० आणि सिक्युअर बूट चालू असावे लागतात, तेही बायोसमध्येच तपासावे.

त्यानंतर एखादा जड खेळ सलग तासभर चालवून प्रोसेसर आणि कार्डाचे तापमान, त्यांचा वेग आणि फ्रेमची स्थिरता नोंदवावी. ही चाचणी दुपारी, खोली सर्वांत तापलेली असताना घ्यावी, आणि दुकानाची बदलून देण्याची मुदत संपण्याच्या आत घ्यावी. रॅमसाठी मेमटेस्ट८६सारखा तपासक रात्रभर लावून ठेवावा. एकही चूक दिसली तर रॅमचा वेग एक पायरी खाली आणून पुन्हा पाहावे, आणि तरीही चूक राहिली तर ती जोडी बिलासह परत न्यावी.